मूळ संख्यांची चाळणी: सातवरच का थांबायचं?

पाचवीच्या वर्गात ९१ ही मूळ संख्या आहे का, असं विचारून बघा. बरीच मुलं 'हो' म्हणतात. संख्या सम नाही, एकक स्थानी ० किंवा ५ नाही, अंकांची बेरीज १० म्हणून ३ नेही भाग जात नाही. तेरा सत्ते एक्क्याण्णव हे त्या घाईत आठवत नाही. १ ते १०० मधल्या २५ मूळ संख्या परीक्षेपुरत्या पाठ करून घेतल्या की हे असं होतं. मला ते पाठांतर मुळीच पटत नाही, कारण मूळ संख्या शोधण्याची रीत मुलं स्वतःच्या हातांनी करू शकतात.

सुरुवात चिंचोक्यांनी करावी. १२ चिंचोके आयतात मांडता येतात: दोन रांगांत सहा-सहा किंवा तीन रांगांत चार-चार. १३ घेतले की एकच लांब रांग होते, दुसरा आयत जमतच नाही. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक, ती मूळ संख्या, ही व्याख्या मग आपोआप समजते. १ ला एकच विभाजक, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

पुढची रीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिसच्या नावाने ओळखली जाते. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा हा प्रमुख. पृथ्वीचा परीघ मोजणारा तोच. त्याच्या चाळणीसाठी शाळेत १० × १० चा तक्ता करतात. मी सहा रकान्यांचा तक्ता सुचवेन: वीस ओळी, १ ते १२०. १ वर काट मारायची. २ ला गोल करून त्याच्या पुढच्या सगळ्या पटी खोडायच्या, की चौथा आणि सहावा रकाना पूर्ण जातो, दुसऱ्यात फक्त २ उरतो. ३ च्या पटी खोडल्या की तिसराही ३ सोडून रिकामा. उरलेल्या सगळ्या संख्या पहिल्या आणि पाचव्या रकान्यात! ५ च्या पटी डावीकडे तिरक्या उतरतात, ७ च्या उजवीकडे. इथे मुलांना घाई करू देऊ नका, हे तिरके पट्टे त्यांचे त्यांना दिसू द्या.

आता ७ ची फेरी नीट बघा. १४, २१, २८, ३५, ४२ आधीच गेलेल्या असतात. शंभरच्या आत नव्याने खोडायला तीनच संख्या मिळतात: ४९, ७७ आणि ९१. शंभरच्या पुढे ११९. मग ११ ची पाळी येते आणि खोडायला काहीच उरत नाही. का? हा प्रश्न मुलांनाच विचारायचा आणि उत्तराची वाट बघायची. ११ × २ ही २ च्या फेरीत गेली, ११ × ३ ही ३ च्या, ११ × ७ ही ७ च्या. ११ ची पहिली न खोडलेली पट ११ × ११, म्हणजे १२१, आणि ती तक्त्याबाहेर आहे. तक्ता २०० पर्यंत वाढवला, तर ११ आणि १३ च्या फेऱ्यांत १२१, १४३, १६९ आणि १८७ या चारच नव्या संख्या जातात.

हे उमगलं की सुट्या संख्येलाही तक्ता लागत नाही. २११ घ्या. १७ चा वर्ग २८९, म्हणजे १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणजे २११ मूळ.

संख्या शेकडो अंकी असेल तर मात्र ही रीत संगणकालाही झेपत नाही, कारण भागाकारांची संख्याच प्रचंड होते. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे अंकांच्या मानाने आटोक्यातल्या पायऱ्यांत आणि खात्रीने सांगणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. त्यांपैकी कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केलं होतं.