आंबट भात: समुद्रापासून दूर नागपुरात सुशी कुठून आली

"काहून रे, कच्ची मासोळी खाऊ घालतो का मले?" मावशीने बसल्या बसल्या विचारलं. आम्ही वर्धा रोडवरच्या एका जपानी हॉटेलात होतो. माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि दीड तासात हवं तितकं मागवायचं, अशी तिथली पद्धत. टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेली, आणि सुशीसाठी वेगळी चिठ्ठी, तिच्यावर आकडे लिहून द्यायचे. मावशी साकोलीकडची, धानाच्या मुलखातली. तिच्यासाठी काकडीची सुशी मागवली. एक तुकडा तोंडात टाकून ती म्हणाली, "हा तर आंबट भात होय."

मला फार आनंद झाला, कारण त्या शब्दाचा मूळ अर्थच तिने सांगितला होता. जुन्या जपानीत 'सुशी' म्हणजे आंबट. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानी लोक साशिमी म्हणतात. सुशी म्हणायला आंबवलेला किंवा आंबट केलेला भात लागतोच, मासा नसला तरी चालतं. शिवाय 'समुद्र कुठे, नागपूर कुठे, इथं सुशी कशाला?' हा जो प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो, त्याचं उत्तरही या भातातच आहे. सुशीचा जन्म समुद्रकाठी झालेला नाही. ती धानाच्या बांध्यांतून आणि गोड्या पाण्यातून आली.

आग्नेय आशियात मेकाँग नदीच्या खोऱ्यात पावसाळ्यात शेतात पाणी भरे आणि त्याबरोबर मासे येत. मासे एकदम भरपूर मिळत आणि नंतर महिनोन्महिने काहीच नाही. मग ते मिठात मुरवून शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचे. भात आंबला की त्यातल्या आम्लामुळे मासा कुजत नसे. ही युक्ती भातशेतीच्या वाटेने चीनमार्गे जपानात गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आठव्या शतकातल्या जपानी कायद्यात असा आंबवलेला मासा कर म्हणून भरण्याच्या जिनसांत आहे. त्या काळी खायचा तो मासा. भाताचा लगदा झालेला असे, तो टाकून देत.

या मूळ रूपाला 'नारेझुशी' म्हणतात आणि ते अजून जिवंत आहे. शिगा प्रांतात बिवा नावाचं जपानमधलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. तिथे निगोरोबुना हा कार्प जातीचा मासा वसंतात मिठात घालतात, उन्हाळ्यात धुऊन भाताबरोबर लाकडी पिंपात भरतात, वर दगड ठेवतात आणि नवं वर्ष येईपर्यंत थांबतात. हे वाचताना मला प्रत्येक वेळी गोंदिया-भंडाऱ्याचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आठवतात. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, खाली धानाच्या बांध्या, पाण्यात रोहू, कटला आणि झिंगे, आणि जाळं टाकणारे ढिवर. सामग्री जवळपास तीच होती. आपल्याकडे कडक ऊन असल्याने मासोळी वाळवून ठेवली गेली, तिकडे दमट हवेत ती भातात आंबवली गेली. फरक एवढाच.

पुढे जपान्यांना धीर धरवेना. आंबवण्याचे महिने कमी होत गेले, भात टाकण्याऐवजी खाल्ला जाऊ लागला, आणि मग भातात सरळ व्हिनेगर घालायची सोय निघाली. एडो, म्हणजे आजचं टोकियो, तेव्हा दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर होतं. कारागीर, हमाल, एकटे राहणारे कामकरी यांना उभ्याउभ्या खाता येईल असं काहीतरी हवं होतं. १८२०च्या दशकात हानाया योहेई या सुशीवाल्याने मुठीत दाबलेल्या भातावर माशाचा काप ठेवून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. हीच निगिरी. ती पहिलीवहिली असेल-नसेल, पण तिला नाव मिळवून दिलं त्यानेच. त्याच काळात नाकानो मातासाएमोन याने साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून स्वस्त, तांबूस व्हिनेगर बनवायला घेतलं होतं. त्याचा व्यवसाय १८०४ साली हांदा गावात सुरू झाला. हे व्हिनेगर नसतं तर रस्त्यावरच्या गाडीला सुशी स्वस्तात विकणं परवडलं नसतं.

तेव्हाची निगिरी आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असे. दोन-तीन खाल्ल्या की पोट भरे. बर्फ नव्हता, म्हणून मासा व्हिनेगरमध्ये बुडवलेला, सोया सॉसमध्ये मुरवलेला किंवा उकडलेला असे. आज ज्याला सोन्याचा भाव आहे तो ट्यूनाच्या पोटाचा तेलकट भाग कुणी हातात धरत नसे. एवढं सांगण्याचं कारण, 'हवं तितकं खा'वाल्या हॉटेलातली सुशी ही खरी सुशी नव्हे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. महागड्या हॉटेलात आचाऱ्यासमोर बसून शांतपणे खायची सुशी सुंदर असते, त्यात वाद नाही. पण तो थाट नंतरचा आहे. मूळ निगिरी आपल्या तर्री पोह्याच्या ठेल्यासारखी होती, भुकेल्या माणसाची आणि घाईची.

१९२३च्या भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं. तिथले सुशीवाले आपापल्या गावी परतले आणि निगिरी देशभर पसरली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरं साल १९५८. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. हिगाशी-ओसाकात योशिआकी शिराइशी याचं कामगारांसाठी स्वस्त सुशीचं दुकान होतं आणि वाढायला माणसं पुरत नव्हती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला कल्पना सुचली, आणि सुशीच्या थाळ्या गिऱ्हाइकांसमोरून फिरवणारं पहिलं दुकान त्याने काढलं. ओसाकाच्या १९७० सालच्या जागतिक प्रदर्शनात ते लाखो लोकांनी पाहिलं. दुसरी गोष्ट टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलातली. तिथल्या प्रमुखांनी, तेत्सुझो इनुमारू यांनी, कोपनहेगनला स्कँडिनेव्हियाचं 'स्मॉरगसबोर्ड' पाहिलं होतं: लांब टेबलावर मांडलेले पदार्थ, ज्याने त्याने हवे तसे घ्यावेत. ऑगस्ट १९५८मध्ये त्यांनी तसं दालन उघडलं. परदेशी शब्द जपानी जिभेला जड, त्यात त्या सुमारास स्कँडिनेव्हियातल्याच जुन्या दर्यावर्दी व्हायकिंगांवरचा एक हॉलिवूडपट गाजत होता, म्हणून दालनाचं नाव ठेवलं 'इम्पीरियल व्हायकिंग'. आजही जपानात बुफेला 'व्हायकिंग' म्हणतात. ठरलेल्या पैशात पोटभर खाण्याला शब्द आहे 'ताबेहोदाई'. फिरत्या पट्ट्याने सुशी स्वस्त केली, व्हायकिंगने 'एकदाच पैसे भरा' ही सवय लावली. नागपुरातल्या त्या चिठ्ठीत या दोन्ही गोष्टी आहेत.

शेगडीची गोष्ट वेगळी. जपानात इ.स. ६७५मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. ती कधी कडक, कधी सैल अशी चालत राहिली. मांस चोरूनमारून खाल्लं जाई, पण राजमान्यता मिळाली ती १८७२ साली, मेजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं तेव्हा. टेबलावरच्या जाळीवर पातळ काप भाजून खायचं 'याकिनिकू' दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या कोरियन कुटुंबांच्या खानावळींतून वर आलं. सुशीपेक्षा कितीतरी तरुण पदार्थ आहे हा. दोन्ही एका छताखाली आले ते हॉटेलवाल्यांच्या हिशेबाने. घरातल्या एकाला कच्चं चालत नाही, दुसऱ्याला भाजलेलंच हवं. आपल्याकडे टेबलात शेगडी बसवून ठरलेल्या दरात खाऊ घालायची रीत २००६पासून बार्बेक्यू नेशन या हॉटेलसाखळीने रुळवली. त्यामुळे नागपूरकराला शेगडी शिकवावी लागली नाही, फक्त चॉपस्टिक शिकवाव्या लागल्या.

साल्मन माशाचंही असंच, तोही सुशीत अलीकडेच आला. जपानी लोक साल्मन शिजवून खात, कच्चा नाही, कारण त्यांच्या समुद्रातल्या साल्मनमध्ये जंत असत. १९८०च्या दशकात नॉर्वेने मत्स्यशेतीत वाढवलेला साल्मन सुशीसाठी जपानात विकायला घेतला, तेव्हा त्यांना बरीच वर्षं पटवावं लागलं. आज कुठल्याही शहरात सुशी म्हटलं की आधी तोच केशरी काप डोळ्यांसमोर येतो. भात बाहेर आणि समुद्री शेवाळाची नोरी आत, हा उलटा रोल उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, कच्चं आणि काळं दोन्ही न आवडणाऱ्यांसाठी. मासे गोठवून आणायची साखळी तयार झाली आणि समुद्र किती दूर, हा प्रश्नच उरला नाही. नीट गोठवल्याने जंतही मरतात, म्हणून गोठवलेला मासा हा कमअस्सल मानू नये.

शाकाहारी सुशीला मात्र 'भारतीयांसाठी केलेली तडजोड' म्हणणं चूक आहे. काकडीचा कप्पामाकी जपानी दुकानांत रोज विकला जातो. कप्पा हा त्यांच्या लोककथांतला पाणवठ्यावरचा जीव, त्याला काकडी फार प्रिय.

नागपूरचा जपानशी परिचय ताटातून झालेला नाही, हेही सांगायला हवं. जपानी बौद्ध भिक्खू भदंत सुरेई ससाई १९६०च्या दशकाच्या अखेरीस इथे आले आणि इथलेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने उभं राहिलं. पण विहारात जाणाऱ्या पिढ्यांनी जपानी माणसं पाहिली, जपानी जेवण नव्हे.

'हवं तितकं' या शब्दांत हॉटेलचा हिशेबही दडलेला असतो. मासा महाग, भात स्वस्त, आणि भाताने पोट लवकर भरतं. म्हणून तुकड्यातला भात मोठा, वेळ बांधलेली आणि ताटात टाकलं तर जादा पैसे. आपल्या पंगतीत यजमान आग्रह करकरून वाढतो, इथे आग्रह करणारं कुणी नसतं. माझं मत, सुशी आधी खावी, शेगडी नंतर पेटवावी. धुराची चव जिभेवर बसली की माशाची बारीक चव कळत नाही.

मावशीने त्या रात्री काकडीचे आठ तुकडे संपवले आणि बोटांनी भाताचं शीत दाबून पाहिलं. "हा आपला एचएमटी नोय," म्हणाली. बरोबर होतं तिचं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ बारीक, मोकळा शिजतो. सुशीला आखूड दाण्याचा जपानी तांदूळ लागतो. त्यात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी, म्हणून शितं एकमेकांना धरून राहतात. आठवडाभराने मी घरी आपल्या तांदळाचे रोल करून पाहिले. एचएमटीचा रोल सुरी लावताच विस्कटला. डब्यात थोडा आंबेमोहोर होता, त्याचा मात्र टिकला.