ऐकू येतंय पण कळत नाहीये: चर्चमधला मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज

पेत्र येशूला विचारतो, भावाला कितीदा क्षमा करायची, सातदा का? आणि उत्तर येतं, सत्तर वेळा सात. मत्तयच्या १८व्या अध्यायातलं हे वाचन आपल्याला पाठ आहे म्हणून बरं, नाहीतर वसईतल्या एखाद्या उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसा आणि तो 'सात' होता की 'साठ' ते नुसत्या कानाने सांगून दाखवा. आवाज येत नाही असं नाही हां, आवाज दणकून येतो, फक्त शब्द येत नाही.

मग मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपली की कोणीतरी मामा साउंड मिक्सरपाशी येतात (रविवारी तिथे बऱ्याचदा मीच बसलेला असतो) आणि म्हणतात, "अरे आवाज वाढव जरा, मागे काही कळत नाय." तक्रार शंभर टक्के खरी, पण औषध उलटं. कारण 'ऐकू येत नाही' हा एक आजार आणि 'कळत नाही' हा दुसरा, आणि आपण दोन्हीला एकच गोळी देतो, ती म्हणजे फेडर, मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, वर.

मोठा आवाज म्हणजे नुसती ताकद, आणि बोलण्यातली बहुतेक ताकद असते स्वरांमध्ये, आ, ओ, ए वगैरे. स्पष्टपणा मात्र व्यंजनांवर चालतो. सात-साठ, दान-धान, बारा-भारा, यांच्यातला फरक एका छोट्याशा फटकाऱ्याचा, आणि तो फटकारा स्वरापेक्षा कितीतरी दुबळा असतो. म्हणजे जे कळण्यासाठी लागतं तेच सगळ्यात अशक्त. मराठीत तर महाप्राणाची एवढी फुंकर गेली की शब्दच बदलतो.

आता चर्च घ्या. दगडी किंवा प्लास्टरच्या भिंती, लादी, उंच छत, लाकडी बाकं, गादी नाही पडदा नाही. आवाज निघाला की सगळीकडे आपटत फिरतो. तो ६० डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं एकक) खाली यायला जितका वेळ लागतो त्याला घुमण्याचा काळ म्हणतात. समजा तो तीन सेकंद आहे, म्हणजे आवाज सेकंदाला २० डेसिबल उतरतो. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो, म्हणजे पुढचं अक्षर येईपर्यंत आधीचं जेमतेम चार-पाच डेसिबल उतरलेलं असतं. 'सा' मधला दांडगा आ अजून हवेत लोंबकळतोय आणि त्याच्या पोटाखाली बिचारा 'त' येतो, कसा ऐकू येणार.

आणि फेडर वर केला की काय होतं, तर स्पीकरमधून थेट येणारा आवाजही वाढतो आणि भिंतींवरून घुमून येणाराही तेवढाच वाढतो, दोघांमधलं प्रमाण जसंच्या तसं. दुधात पाणी जास्त झालं म्हणून ग्लास मोठा घेतल्यासारखं. वाढवून फायदा एकाच परिस्थितीत होतो, जेव्हा खरोखरच पंखे किंवा पाऊस आवाजाला गिळत असतो. मे महिन्यात भिंतीवरचे सगळे पंखे पाचवर आणि जूनमध्ये पत्र्याच्या शेडवर सर, तेव्हा वाढवा बिनधास्त. एरवी नाही.

मग ओळखायचं कसं की आजार कुठला? सोपं आहे, वाचणाऱ्याला जरा हळू आणि शब्द तोडून वाचायला सांगा. त्याने फरक पडला तर घुमणं हा आजार आहे, नाही पडला आणि मोठ्याने बोलल्यावरच पडला तर आवाज कमी आहे.

प्रतिध्वनी हा आणखी तिसराच प्राणी, त्यालाही लोक इको इको म्हणत घुमण्यातच ढकलतात. तोच शब्द पुन्हा सुटा ऐकू आला तर प्रतिध्वनी, सगळं एकात एक वितळलं तर घुमणं. मागच्या बाकांसाठी हॉलच्या मध्यावर जादा स्पीकर लावले की हा प्रकार हमखास होतो, कारण वायरमधून आवाज तत्क्षणी पोचतो आणि हवेतून यायला दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. पुढचा स्पीकर १५ मीटरवर असेल तर ४४ मिलिसेकंदांचा फरक. मागच्या स्पीकरला तेवढा डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, द्यावा, वर थोडा जास्त दिला तर कानाला आवाज वेदीकडूनच आल्यासारखा वाटतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ साली हे कानाचं गणित मांडलं. स्वस्तातल्या डिजिटल मिक्सरमध्येही बऱ्याचदा डिले असतो, पण स्पीकर लावून जाणारा तो चालू करून जाईलच असं नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती शनिवारी दुपारची टेस्टिंग. चर्च रिकामं असतं. घुमण्याचं सूत्र वॉलेस सॅबिनने काढलं, हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं कळत नव्हतं म्हणून १८९५ साली त्याला कामाला लावलं होतं, आणि पठ्ठ्या शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणून मोजमाप करायचा. त्याचंच सूत्र लावून बघा. ३००० घनमीटरचं चर्च, रिकामं असताना तीन सेकंद घुमतं. त्यात ३०० माणसं बसली, एक माणूस अंदाजे ०.४५ चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितो (खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही ना, म्हणून ते माप), तर घुमणं येतं सुमारे १.६ सेकंदांवर! म्हणजे माणसं हीच आपली गादी. म्हणून सहाच्या मिस्सेला वीस-पंचवीस जण असताना जे सेटिंग बेकार वाटतं तेच आठच्या भरलेल्या मिस्सेला झकास वाटतं, आणि लोक म्हणतात आज मशीन चांगलं चाललं.

बरं, जुनी चर्चेस चुकीची बांधली असं अजिबात नाही. ती लॅटिनसाठी बांधलेली. संथ, एकसुरी, लांब ओढलेलं गायन घुमणाऱ्या जागेत फुलतं, आणि मिस्सेचा मुख्य प्रार्थनेचा भाग तर फादर हळू आवाजात म्हणायचे, शेवटच्या बाकाने तो शब्दन् शब्द ऐकायचा हे अपेक्षितच नव्हतं. प्रवचन मात्र कळायला हवं, त्यासाठी व्यासपीठ बाजूच्या भिंतीवर लोकांच्या मध्ये, उंचावर. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात गेलात तर ते नक्षीचं लाकडी व्यासपीठ बघा, त्याच्या डोक्यावर छत्रासारखी फळी आहे. शोभा आहेच, पण अशी फळी आवाज छताकडे पळू न देता खाली लोकांकडे वळवते. स्पीकर नसलेल्या काळातला स्पीकरच म्हणा ना.

४ डिसेंबर १९६३ ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज निघाला, पुढे मिस्सा लोकभाषेत आली आणि इमारत तीच राहून कामच बदललं. आता वाचनं मराठीत, उत्तरं लोकांनी द्यायची, म्हणजे सगळं कळायलाच हवं. रोमन मिस्सलच्या (मिस्सेच्या अधिकृत पुस्तकाच्या) सर्वसाधारण सूचनांमध्ये ३११ क्रमांकाला सरळ म्हटलंय की आधुनिक साधनांच्या मदतीने लोकांना विनासायास ऐकू येईल हे बघा. ३८व्या क्रमांकात तर मोठ्याने आणि स्पष्ट असे दोन्ही शब्द वेगवेगळे आहेत. आम्ही पहिलाच वाचला बहुतेक.

तर उपाय. एकच तत्त्व, अंतर कमी करा. माईक तोंडाच्या जवळ आणि स्पीकर कानाच्या जवळ. माईकचं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, कुठलंही बटण न फिरवता आणि शिट्टीचा (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून होते ती) धोका न वाढवता. वाचक मंडळी माईकपासून हातभर लांब उभी राहतात, संकोचाने असेल, आणि वर माईक छातीकडे वळवलेला. वेदीवरचा, वाचनपीठाचा, कॉयरचे (गायकवृंदाचे) चार, सगळे माईक एकाच वेळी उघडे ठेवणं बंद करा, उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची ३ डेसिबलची जागा गेलीच समजा. पुढे दोन राक्षसी डबे ठेवण्यापेक्षा खांबांवर उभे लांबट कॉलम स्पीकर बरे, ते आवाज छताकडे कमी आणि बाकांकडे जास्त टाकतात. बोलण्याच्या माईकवर १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे शब्द नसतात, नुसती घुमघुम असते.

हे सगळं केलं त्या रविवारी मी मास्टर, म्हणजे सगळ्या आवाजाचा मुख्य फेडर, नेहमीपेक्षा खालीच ठेवला होता. मामा येऊन म्हणाले, "आज वाढवलास वाटतं!" मी हो म्हटलं, वाद कोण घालणार.

कॉयरचंही हेच. गाण्याचे शब्द कळत नाहीत म्हणून गाणाऱ्यांचे माईक वाढवतात, मग कीबोर्डवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, मग गिटार, शेवटी सगळे मोठे आणि कोणीच स्पष्ट नाही. आधी कीबोर्ड कमी करा, विशेषतः तो लांब ओढलेला व्हायोलिनसारखा टोन, तो नेमका माणसाच्या आवाजावरच पसरून बसतो. आणि फादर मुख्य प्रार्थना म्हणत असताना मागे हळूच वाजवत राहायची जी फॅशन आलीय ती तर नियमातच बसत नाही, त्याच सूचनांच्या ३२व्या क्रमांकात तेव्हा वाद्यं गप्प ठेवा असं लिहिलंय.

टेस्टिंग करताना हॅलो हॅलो वन टू थ्री म्हणू नका, ते सगळ्यांना पाठ असतं, कान चीटिंग करतो. एकाला वाचनपीठावर उभं करून सात, साठ, धान, दान, बारा, भारा असं उलटसुलट वाचायला लावा, दुसऱ्याने शेवटच्या बाकावर पाठ करून बसायचं आणि ऐकू येईल ते लिहायचं. वीसपैकी किती बरोबर ते मोजा, मग स्पीकर थोडा खाली झुकवा, माईक जवळ घ्या, परत मोजा. आणि जमलं तर शनिवारी नाही, रविवारी मिस्सा संपल्या संपल्या, लोक उठायच्या आत.