पालक-दुरावा

आईवडील विभक्त होत असताना किंवा घटस्फोटानंतर, एका पालकाच्या प्रभावाखाली मूल दुसऱ्या पालकाला विनाकारण, किंवा कारणाच्या मानाने फारच कठोरपणे, नाकारू लागते. या स्थितीला पालक-दुरावा म्हणतात. बोलीतले ‘कान भरणे’ आणि कोर्टातले ‘मूल पढवलेले असणे’ हे प्रयोग याच्या जवळचे आहेत. मात्र कान भरणे ही मोठ्यांची कृती, तर दुरावा हे मुलाचे वागणे. पहिले घडले म्हणून दुसरे होतेच असे नाही, आणि दुसरे दिसले म्हणून पहिले घडलेच असेही नाही. या विषयावरचा बहुतेक वाद इथूनच सुरू होतो.

अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये ‘पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम’ (पालक-दुराव्याचा लक्षणसमूह) ही संज्ञा मांडली आणि तिची आठ लक्षणे सांगितली. एका पालकाची सतत निंदा, तिच्यासाठी दिलेली तकलादू कारणे, एक पालक पूर्ण चांगला तर दुसरा पूर्ण वाईट अशी वाटणी, ‘हे माझे स्वतःचे मत आहे’ हा मुलाचा आग्रह, मोठ्यांच्या तोंडची वाक्ये ही त्यांपैकी काही. सहा वर्षांचे मूल ‘पोटगी’ हा शब्द सराईतपणे वापरते तेव्हा समुपदेशकाचे कान टवकारतात ते यामुळेच. राग त्या पालकाच्या नातेवाइकांपर्यंत पसरणे हेही एक लक्षण आहे. काल मांडीवर खेळवणारी आजी आज नकोशी होते.

गार्डनर यांच्या मांडणीवर कडाडून टीका झाली. सुरुवातीच्या लेखनात त्यांनी दोष प्रामुख्याने आयांच्या माथी मारला होता. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत या सिंड्रोमला स्थान मिळाले नाही; जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या रोगवर्गीकरणाच्या सूचीत आलेली ही संज्ञा २०२० मध्ये काढून टाकली. मुख्य आक्षेप साधा आहे: मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेले मूलही त्या पालकाला टाळते, आणि त्याची भीती ‘पढवलेली’ ठरवली गेली तर ते पुन्हा त्याच घरात ढकलले जाते. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिवेदक (अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ) रीम अलसालेम यांनी मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत ही संकल्पना वापरण्यास मनाई करावी, अशी शिफारस केली. ब्राझीलने मात्र २०१० मध्येच पालक-दुराव्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला होता. जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन या संशोधकांनी २००१ मध्ये सुचवलेली वाट अधिक समंजस वाटते. त्यांनी दोषी पालकापासून नव्हे, नकार देणाऱ्या मुलापासून सुरुवात केली, आणि अनुभवातून आलेला रास्त नकार अवास्तव नकारापासून वेगळा काढला.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आणि हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व अधिनियम यांखाली ‘मुलाचे हित’ पाहूनच ताबा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात या सिंड्रोमची दखल घेतली आणि वडिलांकडे वाढलेल्या मुलीचा आईला दिलेला ताबा कायम ठेवला. आईचा सहवासच न लाभलेल्या मुलीच्या पसंतीला किती वजन द्यायचे, हा तिथला कळीचा मुद्दा होता. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सावध पवित्रा घेतला: दुरावा निर्माण करणाऱ्या वागण्याचे ठोस प्रसंग दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर असा शिक्का मारू नये. या प्रकरणात ताबा वडिलांकडे राहिला. दोन्ही खटल्यांत दुराव्याचा प्रश्न आईच्या बाबतीत उभा राहिला होता. हा केवळ बापांचा मुद्दा आहे, या समजाला त्यामुळे छेद जातो.

प्रत्यक्षात न्यायाधीश आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलतात, विवाह समुपदेशकाचा अहवाल मागवतात, भेटीचे दिवस आणि सुट्ट्यांची वाटणी ठरवून देतात. भेट मात्र अनेकदा कोर्टाच्याच आवारात, तास-दोन तासांची असते. तारखांमागून तारखा पडतात. दोन वर्षे न भेटलेला बाप किंवा आई लहान मुलाला खरोखरच परकी वाटू लागते, आणि त्यासाठी कोणी कान भरावे लागत नाहीत.