युद्धाच्या जुन्या फोटोंतला करडा रंग फसवा का असतो?

कृष्णधवल युद्धछायाचित्रांत रंग भरताना होणाऱ्या बऱ्याच चुका संगणकाच्या आधीच, मूळ काचेवर झालेल्या असतात. कारण जुनी प्लेट, म्हणजे फोटो टिपणारी रसायन लावलेली काच, आपल्या डोळ्यांसारखं पाहत नव्हती.

ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटनने 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धात फोटो काढले ते ओल्या कलोडियन (एक चिकट द्रावण) प्लेटवर. कलोडियन लावलेली काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असेतोवर फोटो टिपून धुवायची. या प्लेटला दिसे तो मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाश. म्हणून त्या काळातलं आकाश पांढरंफटक दिसतं आणि लाल डगले काळपट. रंग भरण्याची हौसही तेव्हाचीच: 1861-65 च्या अमेरिकी यादवीतल्या सैनिकांच्या टिनटाइपवर (पातळ लोखंडी पत्र्यावरच्या फोटोवर) गालांना गुलाबी आणि बटणांना सोनेरी रंग हाताने लावलेला आढळतो.

1873 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेलने इमल्शनमध्ये (प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी थरात) रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवाही दाखवला. ही ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट. लालही टिपणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट 1906 पासून बाजारात होती. तरी पहिल्या महायुद्धात ऑर्थो भरपूर वापरली गेली, कारण ती डार्करूममध्ये लाल दिव्याखाली डोळ्यांसमोर धुता येई. परिणाम असा, की 1914 ची फ्रेंच लाल विजार तिच्यावर जवळजवळ काळी उतरते आणि 1915 पासूनचा फिका निळा गणवेश पांढुरका. पदकांच्या फितीत तर घोळ नक्की होतो: लाल पट्टा गडद, निळा पट्टा फिका. नुसत्या छटेवरून रंग ठरवला की फीतच बदलते.

ताळा करायला त्याच काळातले खरे रंगीत फोटो आहेत. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट (1907) बटाट्याच्या स्टार्चच्या रंगवलेल्या कणांवर चाले. फ्रेंच सैन्यासाठी कुव्हिल आणि कास्टेल्नो यांनी 1917 मध्ये ती वापरली, तर ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार फ्रँक हर्लीने पॅजेट ही दुसरी रंगीत प्लेट. एक्स्पोजर लांब, त्यामुळे धावपळ त्यांत नाही. पण कापड, चिखल आणि लाकूड यांचे रंग मिळतात. दुसऱ्या महायुद्धासाठी कोडाक्रोम आणि आग्फाकलर या रंगीत फिल्म आहेत, म्हणून ते काम त्या मानाने सोपं.

दुरुस्तीची पहिली पायरी स्कॅन. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा: 16 बिट, टिफ फाइल, छोट्या प्रिंटला 1200 पीपीआय (दर इंचाला पिक्सेल). तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतात, म्हणून स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे जे तीन थर (चॅनेल) असतात त्यांपैकी निळ्या चॅनेलमध्ये ते ठळक आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास गायब असतात. अशा वेळी लाल चॅनेल घ्यावा. उलट, सगळी प्रतिमाच पिवळी पडून फिकटली असेल तर निळ्या चॅनेलमध्येच जास्त कॉन्ट्रास्ट उरलेला असतो. गडद भागांवर निळसर चंदेरी झाक आली असेल, तर फ्लॅटबेड स्कॅनरऐवजी स्टँडवर कॅमेरा लावून दिवे आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर (चमक कापणारे फिल्टर) बसवावेत. ती बरीच दबते.

मग रंग. फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधला ‘कलर’ मोडचा लेयर (वर चढवलेला रंगाचा थर) खालचा उजेड-अंधार जसाच्या तसा ठेवतो, आणि ऑर्थो फोटोत नेमकं तेच आडवं येतं. काळ्या पडलेल्या विजारीवर कितीही लाल ओता, ती किरमिजी-काळीच राहते. आधी मास्क करून (तेवढाच भाग निवडून) ‘कर्व्ह’ या उजेड बदलणाऱ्या साधनाने तो उजळावा, मगच रंगवावा. ओठ आणि उन्हाने रापलेली त्वचा यांचंही तेच.

2016 नंतरच्या, आपोआप रंग भरणाऱ्या न्यूरल नेटवर्कना (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालींना) हा पेच उमगत नाही. ती आजचे रंगीत फोटो करडे करून शिकतात, म्हणजे लाल रंगाची जी करडी छटा ती ओळखतात ती ऑर्थो प्लेटवर नसतेच. शिवाय शंका असली की ती सरासरी काढतात. गणवेश मातकट होतात ते त्यामुळे. चेहरा ‘सुधारणारी’ साधनं तर पापण्या आणि दात चक्क नव्याने घडवतात, म्हणून दस्तऐवज म्हणून जपायच्या फोटोवर ती चालवू नयेत. 2021 मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या बळींचे रंगवलेले फोटो प्रसिद्ध झाले, तेव्हा काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेलं हसू निघालं. कंबोडिया सरकारने आक्षेप घेतला आणि ते फोटो मागे घ्यावे लागले.