चुंबकाला क्रोमियम कळत नाही

पाऊस ओसरू लागला की म्हापसा-पर्वरीच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास कानावर येते. वर्षापूर्वी गाडीला हौसेनं बसवलेला स्टेनलेसचा मफलर, म्हणजे सायलेन्सर, आणि चतुर्थी उलटते न उलटते तोच वेल्डिंगच्या कडेनं तांबूस ओघळ. मग कोणीतरी चुंबक आणतो आणि पाइपला लावून बघतो. चिकटलं तर ‘फसवलं, हे साधं लोखंड’. नाही चिकटलं तर ‘माल अस्सल, दोष गोव्याच्या हवेचा’. हे दोन्ही निकाल चुकीचे असू शकतात, कारण चुंबक ज्याची परीक्षा घेतं त्याचा गंजाशी थेट संबंधच नाही.

चुंबकाला कळते ती धातूच्या आतली अणूंची मांडणी. पोलादात निकेल किंवा मँगनीज पुरेसं मिसळलं की ही मांडणी बदलते आणि चुंबक चिकटेनासं होतं. गंज थोपवायचं काम मात्र मुख्यतः क्रोमियमचं. कंपनीतून गाडीबरोबर येणारा सायलेन्सर बऱ्याचदा ४०९ ग्रेडचा असतो. त्यात सुमारे ११ टक्के क्रोमियम, चिमूटभर टायटॅनियम आणि निकेल जवळजवळ नाहीच. त्याला चुंबक घट्ट चिकटतं, तरीही ते स्टेनलेसच. उलट २०१ ग्रेडमध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. त्याला चुंबक लागत नाही, पण खाऱ्या हवेत ते ३०४ च्या बरंच आधी हात टेकतं. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. तेसुद्धा पाइप वाकवलेल्या जागी थोडं चुंबकाला ओढ दाखवतं, कारण वाकवताना तिथली मांडणी बदललेली असते. ग्रेड खरंच जाणून घ्यायचा असेल तर क्ष-किरणांचं हातात धरायचं यंत्र काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीज वेगवेगळं मोजून दाखवतं.

आता क्रोमियम नेमकं करतं काय? हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडली की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी जेमतेम २ ते ३ नॅनोमीटर. माणसाचा केस ७०–८० हजार नॅनोमीटर जाड असतो. एवढासा पापुद्रा खालच्या लोखंडापर्यंत पाणी आणि ऑक्सिजन पोचू देत नाही. त्यावर ओरखडा उठला तरी उघडा पडलेला धातू लगेच नवा पापुद्रा बांधतो. अखंड पापुद्रा धरायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, म्हणूनच स्टेनलेस म्हणवून घ्यायची पायरी तिथं ठरली आहे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली हे पोलाद बनवलं तेव्हा तो बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करायच्या मागे होता. पापुद्र्याच्या या गोष्टीतली खरी मेख अशी, की तो दुरुस्त होतो ऑक्सिजनच्या जिवावर. स्टेनलेसला हवा लागते, आणि हवा तुटली की त्याची ताकद गेली.

इथं मीठ आड येतं. गार पाण्यात मीठ टाकून स्टीलचं पातेलं तसंच ठेवलं की तळाला पांढुरके ठिपके पडतात, हे घराघरांत माहीत असेल. ते ठिपके म्हणजे खळगे. मफलरवर तेच घडतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. मिठातले क्लोराइड आयन, म्हणजे विद्युतभारित कण, पापुद्र्यातली कच्ची जागा धरतात. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे पोलादात राहून गेलेला मँगनीज सल्फाइडचा सूक्ष्म कण. तिथं पापुद्रा फुटतो आणि धातू विरघळू लागतो. विरघळलेले लोखंडाचे आणि क्रोमियमचे आयन धनभारित असतात, आणि तो भार तोलायला बाहेरचे ऋणभारित क्लोराइड आणखी आत ओढले जातात. त्याच वेळी हे धातूचे आयन पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन आयन मोकळे करतात. हायड्रोजन आणि क्लोराइड एकत्र म्हणजे चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल, तेही टाचणीच्या टोकाहून लहान खळग्यात कोंडलेलं. लिंबाच्या रसाइतकं, कधी त्याहूनही तीव्र. अशा आम्लात नवा पापुद्रा धरत नाही. धातू आणखी विरघळतो, आयन वाढतात, क्लोराइड आणखी येतं, आम्ल वाढतं. खळगा स्वतःच स्वतःला पोसतो.

यात विजेचाही भाग आहे. धातू विरघळताना सुटलेले इलेक्ट्रॉन खळग्याबाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावर जातात आणि तिथल्या ऑक्सिजनला मिळतात. बाहेरचा पृष्ठभाग प्रचंड, खळगा इवलासा. मोठ्या पृष्ठभागावर जेवढे इलेक्ट्रॉन खपतात तेवढा सगळा धातू त्या एका बिंदूतून जावा लागतो. म्हणून बाकी मफलर आरशासारखा आणि एका जागी आरपार भोक, असं दृश्य दिसतं. ३१६ ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घालतात ते हे खळगे सुरू होऊ नयेत म्हणूनच.

हे सगळं व्हायला पाणी हवं, आणि ते पावसाचंच हवं असं नाही. कळंगुट किंवा मिरामारला लाटा फुटतात तेव्हा बुडबुड्यांतून खारे तुषार हवेत उडतात आणि गाडीच्या पोटाला बसतात. समुद्रापासून आत जाल तसे ते कमी होत जातात, म्हणून फोंड्याच्या गाडीला हा त्रास कमी. उन्हाळ्यात रायबंदरहून चोडणला फेरीबोटीनं जाताना उतारावरचं पाणी चाकांनी उडतं, तेही खारंच. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलीच वाफ ओढून स्वतःचं द्रावण करून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्के पुरतात. आपल्या किनाऱ्यावर हवा त्याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे मफलरवर बसलेलं मीठ पाऊस नसतानाही ओलंच. गाडी चालली की पाइप तापून पाणी उडतं, मीठ मागे राहतं, त्यावर दुसऱ्या दिवशीचं मीठ. पाऊस टपावरचं मीठ धुऊन नेतो, पोटाखालचं नेत नाही.

वेल्डिंगची कडा आधी का गंजते, याचं उत्तरही क्रोमियमकडेच आहे. वेल्डिंगशेजारी पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असा रंग चढतो. पुष्कळांना तो निळा आवडतो, मुद्दाम ठेवतात. पण तो रंग म्हणजे तापून जाड झालेला ऑक्साइड, आणि तो बनताना लगेच खालच्या थरातलं क्रोमियम खर्ची पडलेलं असतं. ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात धातू रेंगाळला तर पोलादातला कार्बनही क्रोमियमला धरून धातूच्या कणांच्या सीमांवर बसतो आणि त्या सीमा क्रोमियमला पारख्या होतात. ४०९ मधलं चिमूटभर टायटॅनियम याचसाठी असतं. कार्बनला ते आधी पकडतं. बाहेरचा रंग पिकलिंग पेस्टनं, म्हणजे आम्लाच्या लेपानं, उतरवता येतो. पाइपच्या आतल्या बाजूला मात्र हात पोचत नाही, म्हणून वेल्डिंग चालू असताना आत ऑक्सिजन शिरू नये म्हणून आर्गॉन वायू भरणारा मेस्त्री मिळाला तर जास्तीचे पैसे खुशाल द्या.

आतूनही संकट आहेच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. पणजीतल्या पणजीत फिरणाऱ्या गाडीच्या मफलरचा मागचा डबा पुरता तापतच नाही, आणि वाफ तिथंच पाणी होऊन साचते. बाजारातल्या अनेक मफलरांत भोकांच्या सरळ नळीभोवती काचेची लोकर असते. ती हे पाणी धरून ठेवते. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालली तर ते वाळतं. आवाजाबद्दल एवढंच सांगतो, की सायलेन्सर हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १२० सांगतो, आणि बांबोळीच्या इस्पितळासमोरून गडगडत जाणाऱ्या गाडीचं समर्थन मला करता येत नाही.

गंज रोखणारं म्हणून बॅटरीला जोडायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्रही विकलं जातं. त्याला पैसे घालू नका. विजेनं गंज रोखण्याचं तंत्र खरं आहे, वास्कोच्या बंदरातल्या जहाजांच्या तळाला ते वापरतात. पण ते चालतं कारण तळ अखंड समुद्रात बुडालेला असतो आणि प्रवाहाला पाण्यातून वाट मिळते. हवेत लोंबणाऱ्या मफलरला ती वाटच नाही. पाइपभोवती गुंडाळायची उष्णतारोधक पट्टीही किनाऱ्यावर नको. तिच्याखाली खारं पाणी साचतं आणि हवा तुटते.

खर्च करायचाच तर गोड्या पाण्यावर करा. समुद्रावरून किंवा फेरीतून आल्यावर, पाइप निवला की पोटाखाली पाण्याचा फवारा मारायचा. तांबूस डाग दिसला तर नायलॉनचा घासणा आणि सायट्रिक आम्लाचं द्रावण घ्या, मग भरपूर पाणी. सायट्रिक आम्ल पृष्ठभागावरचं सुटं लोखंड नेतं आणि क्रोमियम राहू देतं. लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, त्याचे कण रुतून स्वतःच गंजतात. साध्या लोखंडावर फिरवलेली ग्राइंडरची चकतीही तेच करते. आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको. डाग मिनिटात जातो खरा, पण ते हायड्रोक्लोरिकच, म्हणजे जे खळग्यात तयार होऊ नये म्हणून एवढी धडपड, ते आपणच बाटलीतून ओतायचं. नवा मफलर बसवताना डब्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायचं बारीक भोक आहे का ते बघा, आणि डबा असा टांगून घ्या की ते भोक खरोखरच खाली येईल.