झॉड (टाइपस्क्रिप्ट लायब्ररी)

झॉड ही टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत बाहेरून आलेली माहिती तपासून घेण्यासाठीची मुक्त-स्रोत लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे. कॉलिन मॅकडॉनेल यांनी ती २०२० मध्ये प्रसिद्ध केली. चौथी आवृत्ती २०२५ मध्ये आली. झॉडला दुसऱ्या कोणत्याही पॅकेजची गरज लागत नाही.

टाइपस्क्रिप्टमधले टाइप (कोणती माहिती कोणत्या प्रकारची, याच्या नोंदी) कोड कंपाइल होईपर्यंत, म्हणजे त्याचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होईपर्यंतच टिकतात. पुढे चालते ते साधे जावास्क्रिप्ट, आणि त्यात टाइपांचा मागमूसही नसतो. कोडमध्ये ‘वय’ संख्या आहे असे कितीही ठासून लिहिले, तरी सर्व्हरने तिथे मजकूर पाठवला तर त्याला अडवायला कोणी नसते. चूक मग भलत्याच ठिकाणी उघडी पडते. यप आणि जॉय या लायब्रऱ्या तपासणी आधीपासून करत होत्या. झॉडने भर दिला तो एकाच लिखाणावर: स्कीमा, म्हणजे माहितीचा अपेक्षित आराखडा, एकदा मांडायचा, टाइप त्यातूनच आपोआप काढून घ्यायचा. एकच गोष्ट दोनदा लिहिली की दोन्हींत कधीतरी तफावत पडतेच.

तपासणी दोन प्रकारे होते. ‘पार्स’ चुकीची माहिती दिसताच एरर फेकते; ‘सेफपार्स’ एरर न फेकता निकाल हाती देते. ऑब्जेक्टमध्ये स्कीमात नसलेल्या ‘की’ (रकान्यांची नावे) आल्या, तर त्या मुकाट्याने गाळल्या जातात. नवख्याचा अर्धा दिवस इथे सहज जातो.

आलेली माहिती हव्या त्या प्रकारात बदलून घेणारे ‘कोअर्स’ जपून वापरावे. ते जावास्क्रिप्टचेच रूपांतर वापरते, म्हणून रिकामा मजकूर शून्य होतो आणि ‘फॉल्स’ हा शब्द मजकूर म्हणून आला तर चक्क ‘ट्रू’ ठरतो!

लायब्ररीच्या कोडचा मोठा आकार हा झॉडवरचा जुना आक्षेप. वॅलिबॉट ही लायब्ररी त्याच मुद्द्यावर पुढे आली. चौथ्या आवृत्तीसोबत झॉडनेही ‘मिनी’ हे छोटे रूप दिले.

मराठी फॉर्म तपासताना आणखी दोन अडचणी येतात. लांबीची मर्यादा अक्षरांवर नव्हे, युनिकोडच्या एककांवर मोजली जाते. ‘क्षितिज’ हे नाव आपल्या लेखी तीन अक्षरांचे, झॉडच्या लेखी सात. आणि ‘४११०३०’ असा देवनागरी पिनकोड संख्या म्हणून स्वीकारलाच जात नाही. अंक आधी बदलून घेणारे फंक्शन तपासणीआधी चालणाऱ्या ‘प्रीप्रोसेस’मध्ये आपले आपणच लिहावे लागते.