कुदाका बेट आणि हिगा यासुओ यांचे छायाचित्रण

कुदाका हे जपानच्या ओकिनावा प्रांतातील एक चिंचोळे, सपाट बेट. मुख्य बेटाच्या आग्नेयेला सुमारे पाच किलोमीटरवर, प्रवाळाच्या चुनखडीवर ते वसले आहे. परीघ जेमतेम आठ किलोमीटर. सृष्टी घडवणारी देवी अमामिकियो पहिल्यांदा इथेच उतरली, असे रियुक्यू बेटांवर, म्हणजे ओकिनावा ज्यात मोडते त्या द्वीपमालेत, मानतात. जमीन खासगी मालकीची नाही, सगळ्या गावाची आहे. पूर्वी पुरुष मासेमारीसाठी दूर समुद्रावर जात. शेती आणि देवकार्य बायका सांभाळत. पूजेचा अधिकारही बायकांचाच आणि त्यांतल्या प्रमुख पुजारणीला ‘नोरो’ म्हणतात.

अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन येणाऱ्या पुरुषाकडे संशयाने पाहिले जाणारच. त्याला कारणही घडले होते. १९६६ मध्ये तोक्योहून आलेल्या एका नामवंत चित्रकाराने बेटावरील उघड्या दफनभूमीचे फोटो काढले आणि ते साप्ताहिकात छापून आले. आपल्या मृतांचा असा बाजार मांडलेला पाहून बेटकरी दुखावले. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराला ही जुनी उधारी आधी चुकती करावी लागली.

हिगा यासुओ (१९३८–२०००) यांनी ती सबुरीने चुकवली. जन्म फिलिपिन्समधला, युद्धानंतर ते ओकिनावात परतले आणि पोलिसात भरती झाले. कादेनाच्या ठाण्यात तपासासाठी फोटो काढण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी पहाटे, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, बॉम्बने भरलेले अमेरिकन बी-५२ विमान कादेनाच्या अमेरिकी हवाई तळावरून उडताना कोसळले. पुन्हा युद्ध सुरू झाले, असेच त्यांना वाटले. त्यांनी नोकरी सोडली आणि तोक्योत जाऊन छायाचित्रण शिकले. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते, त्यामुळे जपानच्या राजधानीत जायलाही प्रवासाची कागदपत्रे लागत.

सुरुवातीला त्यांनी तळाभोवतीचे ओकिनावा टिपले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र मियाको आणि कुदाका बेटांवरच्या पूजांकडे ते ओढले गेले, ते कायमचे. हे काम बातमीदारीसारखे नव्हे. विधी चांद्र पंचांगाने ठरतात, तेव्हा छायाचित्रकाराची डायरीही तिथींवरच चालते. वादळाने बोट बंद झाली की तिथी हुकते, आणि हुकलेली तिथी वर्षभर परत येत नाही. दमट, खाऱ्या हवेत लेन्सला बुरशी धरते, ती वेगळीच. पण खरा वेळ जातो तो आज्यांच्या ओसरीवर बसण्यात. काय टिपायचे आणि कुठे कॅमेरा खाली ठेवायचा, हे तिथेच ठरते. हिगांच्या चित्रांतल्या बायका कॅमेऱ्याकडे लक्षच देत नाहीत. माझ्या मते त्यांची सारी कमाई यातच आहे.

कुदाकाचा सर्वांत मोठा विधी ‘इझाइहो’. दर बारा वर्षांनी, अश्ववर्षाच्या (चिनी राशिचक्रातल्या घोड्याच्या वर्षाच्या) अकराव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेपासून चार दिवस तो चाले. बेटावर जन्मलेल्या, बेटावरच नांदणाऱ्या, तीस ते एकेचाळीस वर्षांच्या स्त्रिया त्यात देवकार्याची दीक्षा घेत. पहिल्या संध्याकाळी पांढरी वस्त्रे नेसून, केस मोकळे सोडून, अनवाणी त्या ‘एइ-फाइ, एइ-फाइ’ असा घोष करत जमिनीवर मांडलेला बुटका पूल धावत ओलांडत आणि पलीकडे पानांनी शाकारलेल्या झोपड्यांत शिरत. पूल कसला, वीतभर उंचीची शिडीच ती. पण मन शुद्ध नसेल तर तिच्यावरूनही पाय घसरतो, अशी श्रद्धा होती. तिसऱ्या दिवशी उखळावर बसवून त्यांच्या कपाळावर व गालांवर ठसे उमटवले जात.

डिसेंबर १९७८ मध्ये हिगांनी हा विधी टिपला. १९९० ला पुन्हा अश्ववर्ष आले, पण पात्र स्त्रियाच उरल्या नव्हत्या. तरुण मुली कामासाठी आणि लग्न होऊन बेटाबाहेर गेल्या होत्या. इझाइहो झाला नाही, त्यानंतरच्या २००२ आणि २०१४ च्या अश्ववर्षांतही नाही. मधल्या काळात, १९८९ ते १९९३ दरम्यान, रियुक्यूतल्या विधींवरची हिगांची बारा खंडांची ग्रंथमाला निघाली.

आता कुदाकावर मुख्य बेटावरून बोटीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. पर्यटक भाड्याच्या सायकलवरून बेटभर हिंडतात. फुबो उताकी हे मुख्य देवराईसारखे स्थान पूर्वी फक्त पुरुषांना वर्ज्य होते; आता ते सर्वांनाच बंद आहे.